संशोधक विद्यार्थ्यांचे कौशल्य-प्रशिक्षण आणि मानसिक स्वास्थ्य : पीएच.डी. विनियमांची चिकित्सा

बीजशब्द : पीएच.डी. विनियम, कोर्सवर्क, मार्गदर्शक, संशोधन सल्लागार समिती, अधिछात्रवृत्ती, मानसिक स्वास्थ्य.

प्रस्तावना

पीएच.डी. ही विद्यापीठीय शिक्षणातील सर्वोच्च संशोधन-पदवी होय. या पदवीचा दर्जा राखला जावा, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ आणि २०२२ या वर्षी किमान मानके व कार्यपद्धती ठरविणारे विनियम जाहीर केले. प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क, मार्गदर्शकाची पात्रता, विद्यार्थिसंख्येची मर्यादा, शोधप्रबंधाचे मूल्यमापन या सर्व बाबींना त्यामुळे निश्चित चौकट मिळाली. ही चौकट आवश्यक होती, यात शंका नाही. तथापि पदवीच्या दर्जाचा विचार करताना ती पदवी मिळविण्यासाठी आयुष्यातील पाच-सहा वर्षे खर्च करणाऱ्या व्यक्तीचा विचार कितपत झाला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रस्तुत लेखात या विनियमांची चिकित्सा दोन अंगांनी केली आहे : संशोधक विद्यार्थ्याचे कौशल्य-प्रशिक्षण आणि त्याचे मानसिक स्वास्थ्य. व्यवहारात या दोन बाबी वेगळ्या मानल्या जातात. कौशल्यासाठी कोर्सवर्क आणि स्वास्थ्यासाठी समुपदेशक, अशी ही वाटणी आहे. परंतु या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या दैनंदिन व्यवहारात आहे, आणि नेमका तोच व्यवहार विनियमांनी जवळजवळ मोकळा सोडला आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. विवेचनाचा रोख मुख्यतः महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांशी संलग्न संशोधन केंद्रांतील भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांवर आहे.

कोर्सवर्क : प्रशिक्षण की सोपस्कार?

२००९ च्या विनियमांनी किमान एका सत्राचे कोर्सवर्क आवश्यक केले. २०१६ मध्ये त्याला ८ ते १६ श्रेयांकांची मर्यादा घालण्यात आली. २०२२ च्या विनियमांनुसार किमान १२ श्रेयांक पूर्ण करावे लागतात आणि त्यांतच 'संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र' हा अभ्यासक्रम अंतर्भूत आहे. हा अभ्यासक्रम आयोगाने २०१९ मध्ये तयार केला असून तो २ श्रेयांकांचा व ३० तासांचा आहे. संशोधनातील गैरवर्तन, लेखकत्व, मुक्त प्रकाशन, संशोधनाची मापने असे विषय त्यात येतात.

कागदावर ही योजना समाधानकारक दिसते. तिच्यातील मूळ दोष वेळेचा आहे. सर्व प्रशिक्षण प्रवेशानंतरच्या पहिल्या काळात उरकले जाते. विद्यार्थ्याचा विषय तेव्हा पुरता ठरलेलाही नसतो. प्रश्नावली कशी तयार करावी, हे पहिल्या सत्रात शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्ष क्षेत्रात दोन वर्षांनी उतरतो. प्रकरण कसे लिहावे, हा प्रश्न त्याच्यापुढे चौथ्या वर्षी उभा राहतो, आणि त्या वेळी शिकविणारे कोणी नसते. संशोधनातील कौशल्ये कामाच्या टप्प्यांनुसार लागतात. ती एकदाच, आगाऊ देता येत नाहीत.

दुसरा दोष सरसकटपणाचा आहे. अनेक केंद्रांत संशोधन पद्धतीची एकच प्रश्नपत्रिका सर्व विद्याशाखांसाठी असते. गृहीतक, नमुना निवड, प्रमाण विचलन यांचे पाठ मराठी साहित्याच्या अभ्यासकालाही घ्यावे लागतात. त्याची खरी गरज मात्र वेगळी असते. एखाद्या विद्यार्थ्याला पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर किंवा १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागदपत्रे पाहावयाची असतील, तर मोडी वाचता येणे ही त्याची पहिली गरज असते. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविणे, बोलीतील मुलाखतींचे लिप्यंतर करणे, जुन्या नियतकालिकांच्या फायलींतून नोंदी काढणे ही त्याच्या क्षेत्राची कौशल्ये होत. ती बहुतेकांना स्वतःच्या धडपडीतून किंवा एखाद्या जाणत्या संशोधकाच्या सहवासातून मिळवावी लागतात.

या संदर्भात एम.फिल.चा विचार करणे योग्य ठरेल. २०२२ च्या विनियमांनी ही पदवी बंद केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यापीठांना तिचे प्रवेश थांबविण्याविषयी पुन्हा बजावले. एम.फिल.च्या गुणवत्तेविषयी आक्षेप होते आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु लहान विषयावर एक-दोन वर्षांत प्रबंधिका पूर्ण करण्याचा अनुभव त्या पदवीत मिळत असे. विषय आवाक्यात कसा आणावा, संदर्भ कसे द्यावेत, लेखन वेळेत कसे संपवावे, हे विद्यार्थी तेथे अल्प जोखमीत शिकत असे. चूक झालीच, तर तिची किंमत मर्यादित असे. आता हा सराव थेट पीएच.डी.च्या नोंदणीत, मुदतीचे घड्याळ चालू असताना करावा लागतो. पदवी गेली, पण तिची जागा घेणारी सरावाची सोय उभी राहिली नाही.

स्वास्थ्याचा प्रश्न : व्यक्तीचा की व्यवस्थेचा?

संशोधक विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर गेल्या काही वर्षांत महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतातील ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास 'रिसर्च पॉलिसी' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना नैराश्यासारखा मानसिक विकार असण्याचा किंवा होण्याचा धोका आढळला. 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मध्ये २०१८ साली आलेल्या २६ देशांतील २,२७९ जणांच्या पाहणीत ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये त्याच स्वरूपाच्या नैराश्याची लक्षणे दिसली. ही दुसरी पाहणी स्वेच्छेने प्रतिसाद देणाऱ्यांची होती, त्यामुळे तिचे आकडे जसेच्या तसे सर्वांना लावता येणार नाहीत. पाश्चात्त्य देशांतील निष्कर्ष भारतीय परिस्थितीला थेट लागू करणेही योग्य नाही.

तरीही फ्लँडर्सच्या अभ्यासातील एक बाब येथे विचारात घेण्यासारखी आहे. त्या अभ्यासाने विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याचा संबंध कामाचा भार, कामावरील स्वतःचे नियंत्रण, कुटुंब व काम यांतील ओढाताण, मार्गदर्शकाची नेतृत्वशैली आणि पुढील रोजगाराविषयीची धारणा यांच्याशी जोडला. हे सारे घटक संस्थेच्या व्यवस्थेतील आहेत. विद्यार्थ्याच्या मनाच्या कणखरपणाशी त्यांचा संबंध दुय्यम आहे.

भारतातील उपाययोजना मात्र प्रामुख्याने समुपदेशनाच्या दिशेने गेली आहे. आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक, मानसिक व भावनिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ज्याचे प्रकरण मार्गदर्शकाकडे आठ महिने वाचनाविना पडून आहे, त्याला समुपदेशक फार तर धीर देऊ शकेल. त्याचे प्रकरण वाचले जाणार नाही.

मार्गदर्शक : विनियमांतील रिकामी जागा

२०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते. पात्रतेसाठी पीएच.डी. पदवी आणि ठरावीक संख्येचे शोधनिबंध आवश्यक आहेत. मार्गदर्शन कसे करावे, याचे कोणतेही प्रशिक्षण आवश्यक नाही. शोधनिबंध लिहिता येणे आणि दुसऱ्याला संशोधन शिकविता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकासाठी उद्बोधन व उजळणी वर्गांची परंपरा आहे, मग संशोधन-मार्गदर्शकासाठी तशी सक्ती का नसावी, याचे उत्तर विनियमांत सापडत नाही. परिणामी बहुतेक मार्गदर्शक आपल्याला जसे मार्गदर्शन मिळाले, तसेच पुढे देतात. ते चांगले मिळाले असेल तर परंपरा चांगली चालते, नसेल तर उपेक्षेचीही परंपरा होते.

याहून गंभीर बाब संशोधन सल्लागार समितीच्या रचनेत आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात या समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. प्रगती असमाधानकारक असल्यास समिती सुधारणा सुचविते आणि त्या न झाल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. या समितीचा निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतो. म्हणजे प्रगती खुंटण्याचे कारण मार्गदर्शकाचा वेळ न मिळणे हे असेल, तर ते विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्याच समितीपुढे सांगावे, अशी ही व्यवस्था आहे. २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती व लोकपाल यांची तरतूद आहे, हे खरे. परंतु प्रबंध सादर करताना तो मूळ काम असल्याचे मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्या स्वाक्षरीवर पाच वर्षांचे श्रम अवलंबून आहेत, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस कोण करील? मौन हाच तेथे व्यवहार्य मार्ग ठरतो, आणि हे दीर्घकाळचे मौनच पुढे अस्वास्थ्याचे रूप घेते.

अर्थार्जन आणि काळ

स्वास्थ्याचा विचार पैशांविना अपुरा राहतो. आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. ती मिळविणारे थोडे असतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांनी अनेक वंचित घरांतील पहिल्या पिढीच्या संशोधकांना आधार दिला. मात्र या अधिछात्रवृत्तींसाठी विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली. ग्रंथालयात जावयाचे दिवस मैदानात उपोषणाला बसून गेले.

उरलेल्यांपैकी पुष्कळ जण तासिका तत्त्वावर अध्यापन करतात. २०२२ च्या विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली, पण त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. ज्याची नेमणूकच सत्रापुरती असते, त्याला पुढील पाच वर्षांसाठी असे प्रमाणपत्र कोण देणार? हेच विनियम संशोधकाला आठवड्यास ४ ते ६ तास अध्यापन-साहाय्य देण्याची सोय करतात. तासिका तत्त्वावरील अध्यापक त्याहून कितीतरी अधिक शिकवितो. त्याच्या या अनुभवाची दखल प्रशिक्षण म्हणून घेतली जात नाही. स्त्री-संशोधकांना दोन वर्षांची अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. ही तरतूद मोलाची आहे, परंतु मुदत वाढली तरी अधिछात्रवृत्ती त्या प्रमाणात वाढतेच असे नाही.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक आक्षेप संभवतो. संशोधन ही स्वतंत्र विचारांची साधना आहे. प्रौढ विद्यार्थ्याला हाताला धरून चालवावयाचे असेल, तर ती साधना राहणार नाही. शिवाय मार्गदर्शकही परीक्षा, मूल्यांकन आणि प्रशासकीय कामांनी वाकलेला असतो. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. परंतु स्वातंत्र्य आणि उपेक्षा यांत फरक आहे. ठरल्या दिवशी भेट होणे, पाठविलेले प्रकरण ठरल्या मुदतीत वाचून मिळणे, यामुळे विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य कमी होत नाही. उलट तो निर्धास्तपणे विचार करू शकतो.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. २००२ च्या रॉबर्ट्स अहवालाने संशोधक विद्यार्थ्यांना वर्षाला किमान दोन आठवड्यांचे प्रशिक्षण असावे, अशी शिफारस केली. २०१० मध्ये 'व्हिटे' या संस्थेने संशोधक-विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ज्ञानाबरोबरच वैयक्तिक परिणामकारकता हाही एक विभाग आहे. पुढे चांगल्या मार्गदर्शनाचे निकषही तेथे तयार झाले. या व्यवस्थेवरही टीका झाली आहे. कौशल्यांची यादी लांबवून जबाबदारी अखेर विद्यार्थ्यावरच टाकली जाते, हा त्यांतील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरी प्रशिक्षण दरवर्षी असावे आणि ते मार्गदर्शकालाही असावे, ही दोन तत्त्वे तेथून घेता येतील.

निष्कर्ष

१. कोर्सवर्क एका सत्रात न संपविता त्यातील काही श्रेयांक क्षेत्रकार्य व लेखन या टप्प्यांसाठी राखून ठेवावेत आणि ते विषयानुरूप असावेत.

२. मार्गदर्शकाच्या मान्यतेसाठी अल्प मुदतीचे मार्गदर्शन-प्रशिक्षण आवश्यक करावे.

३. संशोधन सल्लागार समितीचे निमंत्रकपद मार्गदर्शकाकडे नसावे. विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलण्याची संधी प्रत्येक सत्रात मिळावी.

४. प्रकरण वाचून परत देण्याची कमाल मुदत ठरवून तिची नोंद प्रगती अहवालात घ्यावी.

५. तासिका तत्त्वावरील अध्यापकांसाठी ना-हरकत प्रमाणपत्राची अट शिथिल करावी.

यांपैकी पहिल्या चार सूचनांना फारसा निधी लागत नाही. त्यांसाठी लागते ती एक स्वीकृती : शोधप्रबंध विद्यार्थ्याचा असला, तरी तो पूर्ण होण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसते. आजवरच्या विनियमांनी विद्यार्थ्याची परीक्षा वारंवार घेतली आहे. मार्गदर्शनाची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.