बैठक मोडल्यानंतरचे लेखन

तुरुंगात सिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांची चर्चा बहुधा लेखकाच्या मनोधैर्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि सावरकरांचे ‘कमला’ ही सर्वस्वी भिन्न प्रकृतीची पुस्तके या एकाच गौरवाखाली झाकली जातात. मनोधैर्य हा चरित्रकाराचा विषय होय. समीक्षेपुढील प्रश्न असा, की ज्या बैठकीत लिहिण्याची सवय जडली ती बैठक मोडल्यावर त्या सवयीतील नेमके काय टिकते आणि त्याचा संहितेच्या घडणीशी कोणता संबंध असतो.

1908 साली शिक्षा होऊन टिळक मंडालेस गेले, तेव्हा त्यांची लेखणी ‘केसरी’च्या आठवड्याला बांधलेली होती. अंकाचा ठरलेला दिवस, समोर उभा प्रतिपक्ष आणि वाचकांचा तत्काळ प्रतिसाद या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा झाल्या. हाती राहिले ते ग्रंथ, शिसपेन्सिली आणि पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या. शाई नाही, सुटा कागद नाही. या साधनांनिशी 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा पहिला खर्डा तयार झाला. मात्र त्याच्या पंधरा प्रकरणांकडे बारकाईने पाहिले, तर मोडलेली बैठक त्यांत वेगळ्या रूपाने वावरताना दिसते. मागील विवेचनाचा सारांश देऊन पुढे जाण्याची त्यांची पद्धत काहींना पुनरुक्तीची वाटेल, आणि ती तशी आहेही. परंतु वाचकाजवळ गेल्या आठवड्याचा अंक असेलच असे गृहीत न धरणाऱ्या संपादकाची ती जुनी रीत आहे. प्रतिपक्षही उरलाच आहे. सरकारच्या जागी आता गीतेचे संन्यासपर भाष्यकार आले आहेत एवढेच. 1914 मध्ये सुटका झाल्यावर वह्या काही काळ सरकारकडे अडकून पडल्या. त्या परत न मिळाल्या तर ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहू, असे टिळक म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. ही केवळ जिद्दीची गोष्ट म्हणून सांगणे पुरेसे नाही. नागपुरातील जाहीर व्याख्यानात ते या विषयावर आधीच बोलले होते. सिद्धान्त वहीपूर्वी तयार होता, म्हणूनच वही गौण ठरू शकत होती. ज्याचा शोध अद्याप चालू आहे त्याला अशी हमी देता येत नाही. ग्राम्शीनेही 1929 पासून कोठडीत वह्याच भरल्या; त्यांत मात्र टिपणे विखुरतात, नव्याने लिहिली जातात, पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळतात.

अंदमानात (1911-1921) सावरकरांना काव्यासाठी वही मिळाली नाही. काट्याने वा खिळ्याने भिंतीवर ओळी कोरायच्या, पाठ करायच्या, आणि चुना फासला गेला की स्मरणावर विसंबायचे, हा क्रम सर्वपरिचित आहे. त्याच्या वाङ्मयीन परिणामाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. छंदाने येथे कागदाचे काम केले. वृत्तबद्ध रचनेचा हात सावरकरांना किशोरवयापासून होता, आणि नेमकी तीच सवय भिंतीपुढे चालू शकणारी होती. विस्तृत गद्याला हा मार्ग नव्हता. ‘माझी जन्मठेप’ हे गद्य सुटकेनंतर, 1927 साली ग्रंथरूपाने आले, हा योगायोग नव्हे. स्मरणाने आपली किंमतही वसूल केली आहे. ‘कमला’तील श्लोक सुटा घेतला तर भरीव आणि घोटीव वाटतो, पण कथानक वर्णनांच्या ओझ्याने रेंगाळते. एकेक श्लोक पाठ करीत रचणाऱ्या कवीला समग्र संहिता नजरेसमोर पसरून तिच्यातील अनावश्यक भाग छाटता येत नाही. हा दोष प्रतिभेच्या खाती टाकण्यापूर्वी त्या रचनाप्रक्रियेच्या खाती टाकून पाहावयास हवा.

असे पाहू लागले की तुरुंग ही अट गळून पडते आणि बैठक कधी लाभलीच नाही अशी रचनाही याच विचारात येते. बहिणाबाई चौधरी (1880-1951) निरक्षर होत्या. जात्यावर आणि शेतात रचलेल्या त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांचा संग्रह निघाला. काम हात गुंतवून ठेवी आणि जात्याची लय ओवीला आधार देई. ओळ मनात जुळवायची, घोळवायची, धरून ठेवायची ही क्रिया अंदमानातल्यापेक्षा तत्त्वतः वेगळी नाही. फरक असलाच तर असा, की सावरकरांवर ही अवस्था शिक्षा म्हणून लादली गेली, तर बहिणाबाईंच्या आयुष्याचा तो नित्यक्रमच होता. तरीही मराठी समीक्षा एका ठिकाणी निग्रह, साधना असे शब्द योजते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उत्स्फूर्त’ म्हणून मोकळी होते. जात्यापाशी ओवी किती वेळा मोडली, किती वेळा पुन्हा जुळवली गेली, हा प्रश्न बहिणाबाईंच्या संदर्भात क्वचितच विचारला गेला आहे.