जखम फक्त कथानकापुरती

सुट्टीवरून परतणाऱ्या मंडळींच्या बॅगांतून अल खोरला लोणची येतात, भाजण्या येतात, चार दिवाळी अंकही येतात. इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांना मात्र आता कुणाच्या बॅगेची गरज उरलेली नाही. त्या थेट फोनवर येतात आणि आई व कॉलेजात जाणारी मुलगी एकमेकींना न सांगता त्याच वाचतात. वाचू नयेत असे मी म्हणणार नाही, कारण मीही वाचते. शृंगाराबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका विशिष्ट प्रकाराबद्दल. त्यात एखाद्या पात्रावर लैंगिक अत्याचार झालेला असतो आणि योग्य जोडीदार भेटताच त्याची खूण पुसली जाते.

या घराण्यातली एक जुनी कादंबरी आपण राहतो त्या वाळवंटी मुलुखाच्या कल्पनेवरच खपली. ई. एम. हल या इंग्रज बाईंची 'द शेख' १९१९ साली आली आणि १९२१ मध्ये तिच्यावर व्हॅलेंटिनोचा गाजलेला मूकपट निघाला. अल्जीरियाच्या वाळवंटात शेख अहमद डायना नावाच्या इंग्रज तरुणीला पळवतो, तिच्यावर बलात्कार करतो आणि काही काळाने ती त्याच्याच प्रेमात पडते. शेवटी कळते की हा शेख मुळात अरब नाहीच, तो एका इंग्रज सरदाराचा मुलगा आहे! अरबांची बदनामी तर झालीच, वर लग्नाला इंग्रज रक्तही मिळाले. शेखांच्या प्रणयकथा आजही निघतात. त्या वाचून आपल्या शेजारच्या कतारी कुटुंबाला काय वाटत असेल, हा प्रश्न वेगळाच.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली. तिच्यातही नायक आधी बलात्कार करतो आणि मग आदर्श पती होतो. तिच्यामागून तशा कादंबऱ्यांची रांग लागली. २०११ च्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'मध्ये जखम पुरुषाची आहे. पंधराव्या वर्षी आईच्या मैत्रिणीने त्याला वापरलेले असते. पण औषध तेच, नायिकेचे प्रेम. या पुस्तकांत जखमेचे काम एवढेच की प्रेमाची ताकद दिसावी. ते काम झाले की जखम कथेतून निघून जाते.

त्याच १९७२ मध्ये मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' आला. त्यातली चंपा आठवा. फौजदार शिंदेने तिला न कळत्या वयात आईकडून विकत घेतलेले असते आणि तिचे हाल केलेले असतात. ती सखारामच्या घरी येते, पण दारू प्यायल्याशिवाय त्याला जवळ येऊ देऊ शकत नाही. सखारामचे पौरुष तिला बरे करत नाही. त्याला हवी ती चंपा मिळते, पण ती शुद्धीत नसते. तेंडुलकरांनी ना तिला साध्वी केले, ना तिच्या दुःखाची मेजवानी मांडली. देहाला आठवण असते, एवढेच त्यांनी दाखवले.

आपण मात्र वाद घातला तो अश्लीलतेचा. कमलाकर सारंगांना त्या नाटकासाठी कोर्टात जावे लागले. त्याआधी चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तर तिचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ मध्ये ती अश्लील नाही असा निकाल लागला. 'अश्लील आहे का?' हे आपण इतक्यांदा विचारले की 'खरे आहे का?' हे विचारायचे राहूनच गेले.

खोट्याची किंमत कागदाबाहेरही मोजावी लागते. त्याच १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हाच तो मथुरा खटला. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, म्हणजे संमती असणार, असे मानून सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. त्यावर देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर कोर्टाने तसेच गृहीत धरायचे, असे ठरले. गप्प राहणे म्हणजे होकार, हे गणित कायद्याने काही अंशी तरी टाकून दिले. वाळवंटातल्या त्या कादंबऱ्यांचा डोलारा मात्र अजून त्याच गणितावर उभा आहे.

आमच्या वाचनाच्या बैठकीत अशाच एका कादंबरीवर हसतखेळत बोलणे चालले होते. उठता उठता एकजण हळूच म्हणाली, "तिचे एका रात्रीत बरे झाले. माझे लग्नाला वीस वर्षे होऊनही का नाही?" ती कोण, हे सांगण्याचे कारण नाही. नवरा सज्जन आहे, संसार चांगला आहे आणि कमी आपल्यातच आहे असे तिला त्या पुस्तकाने पटवले होते. मला या पुस्तकांचा राग येतो तो इथे.

अत्याचार सोसलेल्या माणसाला प्रणय नको असतो, असे मुळीच नाही. त्याला सुख मागण्याचा पूर्ण हक्क आहे. पण मग लेखकाने थोडे कष्ट घ्यावेत. नायिकेला मध्येच 'थांब' म्हणू द्यावे आणि नायकाने थांबावे. चांगल्या दिवसानंतर एखादा वाईट दिवस येऊ द्यावा. तिला मैत्रीण, बहीण, डॉक्टर असे कुणीतरी असावे, सगळा भार एका पलंगावर टाकू नये. आणि अत्याचाराचा प्रसंग शृंगाराच्याच चवीने लिहू नये. हे पाळूनही प्रेमकथा गोड होते. उलट तिचा गोडवा टिकतो.

मुलींच्या हातातला फोन काढून घेऊन काही साधणार नाही. त्यापेक्षा तीच कादंबरी आपणही वाचावी आणि जेवताना सहज विचारावे, "काय गं, तिला नको म्हणायची संधी कुठल्या पानावर मिळाली?" पान सापडले तर पुस्तक चांगले. नाही सापडले, तर बोलायला विषय मिळाला.