मराठा आरमारातील जहाजांच्या प्रतिकृती आणि रंगनिश्चितीचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

ऐतिहासिक युद्धनौकेची प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नसते. ते इतिहासाविषयी केलेले एक विधान असते. लिखित विधानाला आधार विचारण्याची शिस्त मराठी इतिहास संशोधनात शतकाहून अधिक काळ रुजली आहे. रंगवलेल्या लाकडाला मात्र असा आधार सहसा विचारला जात नाही. शाळा-महाविद्यालयांतील प्रदर्शने, मिरवणुकांतील चित्ररथ आणि दिवाळीतील किल्ल्यांच्या आरासी यांत मराठा आरमाराची जी जहाजे दिसतात, त्यांत भगवी शिडे, चकाकणारे तपकिरी लाकूड, सोनेरी नक्षी आणि तांबडा तळ असे मिश्रण वारंवार आढळते. हे रंग कोणत्या पुराव्यावर आधारलेले आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाला आज विशेष निकड प्राप्त झाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत रायगडाबरोबरच याच जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी हा जलदुर्गही आहे. अशा स्थळांच्या निमित्ताने जहाजांच्या नव्या प्रतिकृती घडविल्या जाणे स्वाभाविक आहे. आज निराधार रंगविलेली प्रतिकृती उद्या छायाचित्ररूपाने पाठ्यपुस्तकात जाते आणि परवा तीच पुरावा म्हणून पुढे केली जाते.

रंगसंशोधनाची प्रचलित पद्धत

युद्धनौकांच्या प्रतिकृतींचे अचूक रंग शोधणे ही पाश्चात्त्य देशांत एक स्वतंत्र अभ्यासशाखाच बनली आहे. दुसऱ्या महायुद्धातील जहाजांबाबत लिखित साधने विपुल आहेत. अमेरिकन नौदलाने १९४१ साली जहाजांच्या रंगांविषयी तपशीलवार सूचना प्रसृत केल्या होत्या आणि ब्रिटिश नौदलात करड्या रंगाच्या छटांना क्रमांक दिलेले होते. तरीही वाद मिटलेले नाहीत. जपानी नौदलाच्या कुरे, सासेबो, मैझुरू व योकोसुका येथील गोद्यांमधील करडे रंग एकमेकांपासून भिन्न होते. त्यामुळे जहाज कोणत्या वर्षी कोणत्या गोदीत रंगविले गेले, हे पाहिल्यावाचून त्याचा रंग ठरविता येत नाही. कृष्णधवल छायाचित्रेही फसवी असतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग काळसर व निळा रंग फिकट उमटतो. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात दोन सशस्त्र जपानी जहाजांशी झुंजलेल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’ या छोट्या युद्धनौकेची प्रतिकृती करणाऱ्यालाही हीच सावधगिरी बाळगावी लागते.

याहून जुन्या जहाजांबाबत प्रत्यक्ष वस्तू हेच श्रेष्ठ प्रमाण ठरते. ट्रफाल्गरच्या लढाईतील (१८०५) ‘व्हिक्टरी’ हे जहाज पोर्ट्समथ येथे जतन केलेले आहे. त्याच्या लाकडावरील रंगांचे एकावर एक साचलेले थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले आणि त्या आधारे २०१५ साली जहाज नव्याने रंगविले गेले. तेव्हा कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा गडद पिवळा पट्टा जाऊन त्याजागी बराच फिकट रंग आला. प्रत्यक्ष जहाज समोर असताना जर परंपरा चुकू शकते, तर ज्या आरमाराचे एकही जहाज उरलेले नाही, त्याबाबत किती दक्षता घ्यावयास हवी, हे सांगणे न लगे.

मराठा आरमार : साधनांची चिकित्सा

मराठा आरमाराविषयीची साधने जहाजांचे प्रकार, आकार, तोफा व लढाया यांबाबत बोलकी आहेत. रंगाबाबत ती जवळजवळ मौन पाळतात. सभासदाच्या बखरीत गुराबा, गलबते, शिबाडे, मचवे अशी जहाजांची नावे येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लाकूड कोणते व कसे घ्यावे, रयतेची आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, याचे मार्मिक विवेचन आढळते. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केलेले वर्णन प्रतिकृतिकारांना विशेष उपयुक्त आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची व दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची असे. तिची नाळ पुढे निमुळती होत गेलेली असे. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे व त्यास चाळीस-पन्नास वल्ही असत, इतका तपशील त्यात मिळतो. या वर्णनावरून प्रतिकृतीचा सांगाडा उभा करता येतो; रंगाचा डबा मात्र उघडता येत नाही.

चित्ररूप साधनांची स्थिती याहून नाजूक आहे. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. परंतु ते मराठा आरमाराच्या कित्येक शतके आधीचे, आणि शिल्प असल्यामुळे रंगाविषयी मूक आहेत. फेब्रुवारी १७५६ मधील विजयदुर्गच्या पाडावाचे डॉमिनिक सेरेस याने काढलेले तैलचित्र ग्रिनिच येथे आहे. ते १७७१ चे, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी इंग्लंडमध्ये तयार झालेले आहे. विजेत्यांच्या पराक्रमाचे स्मरण हा अशा चित्रांचा हेतू असे. प्रकाश, धूर व जहाजांची मांडणी तत्कालीन सागरी चित्रकलेच्या संकेतांनुसार केली जाई. शिवाय तैलचित्रावरील वार्निश काळानुसार पिवळे पडते. अशा चित्रावरून थेट रंगछटा उचलणे धोक्याचे आहे. डाक विभागाने एप्रिल १९९९ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराबीचे तिकीट काढले. ते गौरवाचे चिन्ह आहे. समकालीन साधन म्हणून त्याचा उपयोग करता येणार नाही.

कालविपर्यास किती सहज घडतो, याचे उदाहरण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातच पाहावयास मिळते. तेथील तटावर चाकांच्या गाड्यावर बसविलेल्या दोन तोफा येणाऱ्या-जाणाऱ्यांस हमखास आंग्रेकालीन वाटतात. त्यांवर मात्र यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडी कारखान्याचे नाव आहे. हा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्येच निवर्तले होते. तोफेवर अक्षरे असल्यामुळे ही चूक उघडकीस येते. प्रतिकृतीवरील रंगाला अशी अक्षरे नसतात.

वगळण्याची पद्धत

होकारार्थी पुरावा अपुरा असला, तरी कोणता रंग असणे शक्य नव्हते, हे मात्र बरेचसे निश्चितपणे सांगता येते. प्रतिकृतीच्या तळास दिलेला तांब्याचा रंग हे पहिले उदाहरण. जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा ठोकण्याचा प्रयोग ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजावर केला आणि ती पद्धत सार्वत्रिक झाली ती त्यानंतरच्या दोन दशकांत. कान्होजींच्या गुराबीस तांबडा चकचकीत तळ देणे म्हणूनच कालविसंगत ठरते. लोखंडी जहाजांच्या तळाचा तांबडा रंग तर एकोणिसाव्या शतकातील आहे.

दुसरे उदाहरण निळ्या रंगाचे. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला; कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ नंतरचा. शिवकालीन प्रतिकृतीवर नीळ वगळता असा झगझगीत निळा पट्टा संभवत नाही. आज कोळीवाड्यांतील होड्या निळ्या-पिवळ्या-तांबड्या तैलरंगांनी नटलेल्या दिसतात. त्या किनाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीचा अस्सल आविष्कार आहेत, परंतु ते रंग विसाव्या शतकातील कारखान्यांचे आहेत. वर्तमान परंपरा मागे ढकलून तिला सतराव्या शतकाचा पुरावा बनविणे योग्य नव्हे.

द्रव्यांवरून अनुमान

रंगाचा उल्लेख नसला, तरी द्रव्यांचा मागोवा घेता येतो. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीत सागवान हे मुख्य लाकूड होते. ताजे सागवान सोनेरी तपकिरी दिसते. उन्हात व खाऱ्या वाऱ्यात ते रुपेरी करडे होते. माशाचे तेल चोपडत राहिल्यास ते काळपट तपकिरी बनते. म्हणजे लाकूड एकच असूनही देखभालीनुसार रंग तीन. चुना व तेल यांचा लेप तळास देण्याची रीत भारतीय किनाऱ्यांवर होती. समुद्रकिडीपासून रक्षण हा तिचा हेतू. या आधारे प्रतिकृतीचा तळ मळकट पांढरा ठेवणे हे तांबड्यापेक्षा अधिक सयुक्तिक ठरते. राळ, काजळी आणि कोकणात मुबलक मिळणारा गेरू ही स्थानिक रंगद्रव्ये होत. पट्टे वा नाळेवरील चिन्हे असतील, तर ती प्रथम याच रंगपेटीत शोधावी लागतील.

भगव्या शिडांचा प्रश्न याच दृष्टीने तपासणे इष्ट आहे. भगवा झेंडा हे मराठा सत्तेचे चिन्ह होते, यात शंका नाही. परंतु झेंड्याचे कापड आणि शिडाचे कापड यांत मोठे अंतर आहे. शिडांना जाडेभरडे सुती कापड शेकडो हात लागे आणि ते वारंवार बदलावे लागे. शिवाय करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग व हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. मंजिष्ठेचा तांबडा त्या मानाने टिकतो. संपूर्ण आरमाराची शिडे महागड्या व उडून जाणाऱ्या रंगांत बुडविली जात असावीत, असे मानण्यास आधार नाही. न रंगविलेल्या सुताचा पिवळसर पांढरा रंग हीच येथे सर्वांत कमी गृहीतके मागणारी निवड होय. किनाऱ्यावरील कोळी आपली सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकाऊ करीत. शिडांवरही तसा तपकिरी काढा दिलेला दाखवावयाचा असल्यास ते अनुमान आहे, हे नमूद केले पाहिजे.

एकच रंग होता काय?

‘मराठा जहाजाचा रंग’ असा एकवचनी प्रश्नच मुळात सदोष आहे. हे आरमार बांधलेल्या जहाजांचे होते, तसेच पकडलेल्या जहाजांचेही होते. १६७९ मधील खांदेरीच्या संघर्षात इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज तुळाजी आंग्रे यांनी पकडले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत आगीला आरंभ झाला तो याच जहाजावर, आणि त्या आगीत तुळाजींचे आरमार भस्मसात झाले. म्हणजे विजयदुर्गच्या आरमाराचा देखावा करणाऱ्यास एकाच ताफ्यात कोकणी सुताराने घडविलेले गलबत व कंपनीच्या धाटणीचे जहाज शेजारी उभे करावे लागते. सर्व जहाजांना एकसारखा गणवेश चढविल्याने ताफा शिस्तबद्ध दिसतो. परंतु शत्रूची जहाजे आपलीशी करणारे आरमार, हे त्याचे वैशिष्ट्यच झाकले जाते.

संभाव्य आक्षेप

प्रतिकृतीचा हेतू प्रेरणा देणे हा आहे. सामान्य प्रेक्षक भगव्या शिडावरूनच मराठा जहाज ओळखतो, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु ही ओळख डोलकाठीवरील झेंडा पटवून देऊ शकतो. त्यासाठी शिडांवर निराधार विधान करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप असा की, पुरावा नसेल तर प्रतिकृती न रंगविता नुसती लाकडीच ठेवावी. हा मार्ग वरवर निर्दोष वाटतो. वस्तुतः चकचकीत वार्निश दिलेले लाकूड हेही रंगाविषयीचे विधानच असते. जहाज असेच उजळ व नवेकोरे होते, असे ते प्रेक्षकाला सांगते. तिसरा मुद्दा प्रमाणाचा. लहान प्रतिकृतीवर रंग मुद्दाम फिकट करावा, असे काही प्रतिकृतिकार मानतात. १:७२ प्रमाणातील प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे जहाज ३६ मीटरवरून पाहणे होय. एवढ्या अंतरात स्वच्छ हवेने रंग फारसा विटत नाही. तेव्हा हा संकेत चित्रकाराच्या आवडीचा आहे. त्याला प्रमाणाचा दर्जा देऊ नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मराठा जहाजांच्या प्रतिकृतीतील प्रत्येक रंगाची आधारानुसार प्रतवारी करणे आवश्यक आहे. समकालीन साधनाने सिद्ध झालेला रंग, द्रव्यांवरून अनुमानित रंग आणि केवळ संकेताने दिलेला रंग, अशा तीन प्रती पुरेशा आहेत. प्रतिकृतीखाली जहाजाचा प्रकार, काळ व प्रमाण लिहिले जाते. तेथेच या प्रतींची चार ओळींची नोंद जोडता येईल. त्याने प्रतिकृतीची शोभा उणावत नाही, उलट पाहणाऱ्यास विचार करण्याची मुभा मिळते.

याच्या जोडीला एक काम तातडीचे आहे. फायबरच्या होड्या व तयार तैलरंग आल्यापासून लाकूड, राळ, चुना व माशाचे तेल यांचे व्यवहारज्ञान किनाऱ्यावरून ओसरत आहे. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील वृद्ध सुतार व तांडेल यांना कोणते तेल किती वेळा द्यावे, चुन्यात काय मिसळावे, सहा महिन्यांनी लाकूड कसे दिसते, हे विचारून ठेवणे स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. सागवानाच्या फळीवर तसे लेप देऊन वर्षभर समुद्राकाठी ठेवल्यास इतिहास, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र प्रकल्प मिळेल. आंग्र्यांची जहाजे जळाली, त्यांवरील थर तपासता येणार नाहीत. पण ते थर देणाऱ्या हातांची परंपरा अद्याप पूर्णपणे संपलेली नाही. ती संपण्यापूर्वी नोंदविली गेली नाही, तर पुढील प्रतिकृतींच्या रंगांचा निर्णय दुकानातील डब्यांवर सोपवावा लागेल.