केर घराण्याचा डावा हात

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील केर घराण्यात डावखुरे फार, ही समजूत जुनी आहे. जेडबरानजीकच्या त्यांच्या फर्निहर्स्ट गढीतील उलट वळणाच्या जिन्याचा दाखला तिच्या पुष्ट्यर्थ देण्यात येतो. १९७४ साली ब्रिटनमधील सामान्य वैद्यव्यवसायींच्या संस्थेने केलेल्या पाहणीत केर व कार आडनावाच्या व्यक्तींत डावखुऱ्यांचे प्रमाण २९.५ टक्के, तर इतरांत ११ टक्के आढळले, आणि दंतकथेस आकड्यांची प्रतिष्ठा लाभली.

भाषाभ्यासकास येथे प्रथम खटकते ते आडनावच. गॅलिक भाषेतील ‘क्यार’, म्हणजे चुकीचा वा डावा, या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्यात येतो. परंतु दलदलीतील झाडोरा या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दापासून ते आले, ही व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक होय. तसे असल्यास निरनिराळ्या पाणथळ जागी राहणाऱ्या, परस्परांशी रक्तसंबंध नसलेल्या कुटुंबांना ते स्वतंत्रपणे पडले असणार. मग आडनाव एक म्हणून वंश एक, हे पाहणीचे गृहीतच डळमळते. माझ्या मते दंतकथा नावाला चिकटली ती बहुधा ध्वनिसाम्यामुळे.

दुसरा दोष उत्तरे देणाऱ्यांच्या निवडीचा. आपल्या घराण्याची ख्याती ठाऊक असलेला डावखुरा केर अशा चौकशीस उजव्यापेक्षा अधिक हौसेने उत्तर देईल, हे उघड आहे. १९९३ साली शॉ व मॅकमॅनस यांनी केर आणि अर्विन या दोन्ही आडनावांची नव्याने तपासणी केली. तीत असे आधिक्य आढळले नाही.

याचा अर्थ आनुवंशिकतेस स्थान नाही असा नव्हे. आईबाप दोघेही उजवे असता शेकडा सुमारे १० मुले डावखुरी निपजतात. दोघेही डावखुरे असता सुमारे २६. म्हणजे तेथेही तीनचतुर्थांश मुले उजवीच! एकबीज जुळ्यांतही एक डावखुरा व दुसरा उजवा असे पुष्कळदा दिसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात डावखुरेपणाशी निगडित ४१ जनुकीय स्थाने आढळली. प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. असा विखुरलेला वारसा केवळ पित्याच्या आडनावाबरोबर शतकानुशतके अखंड चालत यावा, हे संभवत नाही. दर पिढीत मातेचा निम्मा वाटा त्यात मिसळतच असतो.

दंतकथेचा एक पाठ असाही आहे की, केरांच्या एका सरदाराने आपल्या उजव्या शिपायांनाही डाव्या हाताने तलवार चालविण्यास शिकविले. तो खरा मानला, तर हा वारसा तालमीचा ठरतो, रक्ताचा नव्हे. आपल्याकडे तालीम उलट दिशेची: डावा घास घेणाऱ्या मुलाचा हात पंगतीतच फिरविला जातो. तेव्हा आपल्या कुटुंबांची अशी गणना करणाऱ्याने ‘जेवता कोणत्या हाताने’ हा प्रश्न तरी प्रश्नावलीतून वगळावा.