लुगड्यातला विनोद

गणपतीचे दिवस, अकोटमधला एखादा मांडव, रात्रीचे साडेनऊ. माइकवरून नाव पुकारलं जातं आणि लुगडं नेसलेला एक पोरगा कंबर लचकवत येतो. त्यानं अजून तोंड उघडलेलं नसतं, तरी खुर्च्यांमध्ये हशा सुरू. मग तो ‘शाळे’ला ‘शाया’ म्हणतो, ‘डोळ्या’ला ‘डोया’ म्हणतो, घरधन्याच्या नावानं दोन-चार शिव्या हासडतो आणि बक्षीस घेऊन उतरतो. कित्येक वर्षं मी हा प्रवेश पाहत आले आहे. पोरगा बदलतो, लुगडं तेच.

वऱ्हाडच्या हौशी रंगमंचावर बाई दिसत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, सगळीकडे मुली असतात. 1954 पासून चाललेल्या राज्य नाट्यस्पर्धेतही त्यांची वाण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे विनोद बाईवर असतो, बाईचा नसतो.

दंडार आणि खडीगंमत या आपल्या लोकनाट्यांत पुरुषच बाई होत आले. पण त्या नाच्याला कमी लेखू नये. पदर कसा सावरायचा, घागर कमरेवर कशी पेलायची, रुसताना मान किती वळवायची, हे तो गावातल्या बायका पाहून शिकायचा. त्याच्या सोंगामागं निरीक्षण होतं. आजच्या पोरानं पाहिलेली बाई टीव्हीवरची, तीही बहुधा पुरुषानंच उभी केलेली. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 मध्ये सुरू झालं आणि अमरावतीच्या भारत गणेशपुरेंमुळे वऱ्हाडी बोली घराघरांत गेली, याचा मलाही अभिमान वाटला. त्याच मंचावर भाऊ कदम आणि सागर कारंडे साडी नेसून यायचे, आणि श्रेया बुगडे या सगळ्या पुरुषांच्या बरोबरीनं मैदान मारायची. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्यातून उचललं काय, तर फक्त साडी. श्रेयाची नक्कल करायला कोणी धजलं नाही, कारण ती अवघड आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या विशाखा सुभेदार आणि नम्रता संभेराव यांचंही तेच. नम्रताची लॉली हसवते ती अंगातल्या लयीनं, बाईपणाची टर उडवून नाही.

तसं पाहिलं तर हा वाद शंभर वर्षांहून जुना. खाडिलकरांनी ‘बायकांचे बंड’ लिहिलं, तेव्हा जळगावच्या गिरिजाबाई केळकरांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहून परतफेड केली. नाटकाला नाटकानं उत्तर! पुढे 1928 साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही झाल्या. खानदेश आपला शेजार, पण त्या उत्तराची वारसदार इकडे मला दिसत नाही.

एकपात्रीचं पाहा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे 52 पात्रं उभी करायचे, त्यांत बायकाही आल्या. (त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आपलं नव्हे, बोलीही मराठवाड्याची. तरी बाहेरगावी कोणीतरी हमखास विचारतं, म्हणजे तुमच्याकडचं ना ते?) सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये ‘व्हय मी सावित्रीबाई’ सुरू केलं. तिथं लिहिणारी, बोलणारी, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहणारी बाईच होती. एवढ्या एका गोष्टीनं रंगमंचाचा नूर बदलतो. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली सारखी वेळ विचारणारी दादी किंवा शिकायचं राहून गेलेली प्रभा आपल्या घरातल्या वाटतात, कारण लेखकानं या बायकांचं नीट ऐकलंय. पुरुषाला बाई लिहिता येत नाही, असं मी म्हणणार नाही. मात्र त्यासाठी कान लागतो, आणि प्रहसन लिहिणाऱ्यांचा कान हशाकडे असतो.

बायकांना विनोद जमत नाही म्हणणाऱ्यांनी भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत अकोटच्या एखाद्या जुन्या वस्तीत संध्याकाळी फिरून यावं. भुलाबाई आणि भुलोजी मांडलेले असतात, पोरीबाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी वरवर देवीची, आत सगळा संसार: सासू, नणंद, माहेरी जायची परवानगी, परवानगीसाठी एकीनं दुसरीकडं पाठवणं. ही टोलवाटोलवी म्हणजे नाटकच. शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. तेव्हा हजरजबाबीपणाची जी चढाओढ लागते, ती मी कुठल्याही स्टँडअपच्या पुढची मानते. इथं बायका सासूवर हसतात, नवऱ्यावर हसतात, स्वतःवरही हसतात, आणि नजर कुणाची चोरत नाहीत. लग्नातल्या उखाण्यांतही हीच धार असते. पण याला कोणी ‘सादरीकरण’ म्हणत नाही. परीक्षक नाही, ट्रॉफी नाही, म्हणून ती कला नाही!

ही बोली बाईनं कागदावर आणलीच नाही, असंही नाही. अकोला जिल्ह्यातल्या प्रतिमा इंगोले यांच्या ‘हजारी बेलपान’मधल्या वऱ्हाडी कथा वाचाव्यात. कागदावरून रंगमंचावर येतानाच ती अडखळते. त्यामागची कारणं मोठी तात्त्विक नाहीत. तालमी पोरांच्या सोयीनं रात्री आठला सुरू होतात. अकोल्याचा प्रयोग करून 45 किलोमीटर परत यायचं म्हणजे मध्यरात्र. मांडवामागं कपडे बदलायला एक पडदा, तोही वाऱ्यानं उडणारा. आणि चांगली नटी तयार होईस्तोवर तिचं लग्न ठरलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका प्रहसनाच्या तालमीला मी बसले होते. बुढीचं काम करणाऱ्या पोरीला वाक्य होतं सुनेला शिव्या देण्याचं. तिनं ते तीनदा म्हटलं, तीनदा पडलं. मग ती थांबली. म्हणाली, “सर, माही आजी अशी नाई बोलत. ते शिवी नाई देत. ते म्हन्ते, ‘राहू दे वं माय, तुले जमत नाई, मीच मरतो कामात.’” आणि तिनं ते आजीसारखं, पाय ओढत, सुनेकडं न बघता म्हणून दाखवलं. अख्खी खोली फुटली. चहावाला पोऱ्याही हसला. वाक्य तिथल्या तिथं बदललं, नंतर आणखी पाच-सहा बदलली, सगळी तिचीच.

प्रहसनाला बक्षीस मिळालं. प्रवेशअर्जावर लेखकाच्या रकान्यात नाव दिग्दर्शक पोराचंच होतं.