पाककृती, स्मृती आणि भूमध्यसागर

पाकशास्त्रावरील पुस्तकास वाङ्मयविचारात स्थान द्यावे काय, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच विचारला जातो, आणि विचारला गेलाच तर एका स्मिताने निकालात काढला जातो. वस्तुतः मराठीत या ग्रंथप्रकाराची परंपरा अगदीच अल्पवयीन नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले, आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. तरीही आमच्या समीक्षेने या पुस्तकांकडे उपयुक्त वस्तू म्हणून पाहिले, रचना म्हणून पाहिले नाही. प्रस्तुत लेखात भूमध्यसागराच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवरील अन्नाविषयी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या काही पुस्तकांचा विचार करावयाचा आहे. त्यांतील एक पुस्तक वाङ्मय म्हणून वाचले नाही, तर ते वाचलेच नाही असे आमचे मत आहे.

प्रारंभ एलिझाबेथ डेव्हिड यांच्या ‘ए बुक ऑफ मेडिटरेनियन फूड’पासून करणे प्राप्त आहे. हे पुस्तक १९५० साली जॉन लेमन यांनी प्रकाशित केले. जॉन मिंटन यांची चित्रे त्यात आहेत. महायुद्धाच्या काळात लेखिकेने ग्रीस, क्रीट, अलेक्झांड्रिया व कैरो येथे वास्तव्य केले होते. १९४६ साली ती इंग्लंडला परतली तेव्हा तेथे शिधावाटप चालू होते आणि ते पूर्णपणे उठावयास १९५४ साल उजाडावे लागले. ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात, कानात घालण्यासाठी म्हणून मिळे. अशा देशात, अशा काळी, एका संपूर्ण भाजलेल्या मेंढ्यात भरावयाच्या तुर्की सारणाची कृती छापली गेली! ती कृती करून पाहणारा वाचक त्या वर्षी इंग्लंडात असणे शक्य नव्हते. म्हणजे हे पुस्तक प्रथम वाचले गेले ते स्वयंपाकघरात नव्हे, आरामखुर्चीत. लेखिकेने अध्यायांच्या आरंभी व मध्ये प्रवासवर्णनांतील आणि कादंबऱ्यांतील उतारे योजले आहेत, ते शोभेसाठी नव्हेत. जिन्नस मिळत नसतील तेथे शब्दांनीच भूक भागवावी लागते, हे तिने ओळखले होते. लिंबू, बदाम, जर्दाळू, तेल हे शब्द नुसते लिहूनही आपणांस दिलासा मिळत होता, अशी कबुली तिने पुढे दिली आहे.

पण या पुस्तकाची एक बाजू खटकते. कैरोत तिच्याकडे सुलेमान नावाचा सुदानी स्वयंपाकी होता. दोन प्रायमस स्टोव्ह आणि त्यांवर ठेवलेली पत्र्याची पेटी एवढ्या सामग्रीवर तो मेजवान्या सिद्ध करी, असे तिनेच अन्यत्र सांगितले आहे. त्याच्या हातचे अन्न तिने खाल्ले व त्यावरून ती शिकली. परंतु या पहिल्या पुस्तकात अधिकारवाणीने बोलतात ते युरोपातील नामांकित लेखक. ज्याने रांधले तो गप्प आणि ज्याने खाल्ले तो बोलका, ही पाकग्रंथांची जुनी खोड आहे. आमच्याकडील पाकग्रंथही या दोषापासून मुक्त नाहीत, हे येथेच नमूद करून पुढे जाऊ.

क्लॉडिया रोडेन यांचे ‘ए बुक ऑफ मिडल ईस्टर्न फूड’ हे १९६८ सालचे पुस्तक या दृष्टीने सर्वस्वी निराळे आहे, आणि या लेखाचा खरा विषय तेच होय. लेखिकेचा जन्म १९३६ साली कैरोतील एका ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ अलेप्पोचे, आजीचे इस्तंबूलचे. ती शिक्षणासाठी प्रथम पॅरिसला व नंतर लंडनला गेली. १९५६ साली सुवेझचे युद्ध झाले आणि ईजिप्तमधील ज्यूंना देश सोडणे भाग पडले. तिचे आईवडीलही लंडनला आले. निर्वासित आप्तेष्ट एकत्र जमत तेव्हा एकमेकांस पाककृती विचारीत, लिहून घेत. पुन्हा भेट होईल याची शाश्वती नव्हती. पाककृती ही निरोपाची भेटवस्तू झाली होती. या कागदांतून पुस्तक उभे राहिले. म्हणून त्यात प्रत्येक पदार्थाच्या मागे कोणीतरी माणूस आहे: कोणाची आत्या, कोणाची शेजारीण, कोणा मित्राची आजी. मध्येच गोहा या चतुर वेड्याच्या गोष्टी येतात, म्हणी येतात. वाचकास प्रथम हा पसारा वाटतो. दुसऱ्या वाचनात ध्यानी येते की, बैठकीत बसून बोलणाऱ्या माणसांची बोलण्याची रीतच लेखिकेने ग्रंथाची रीत केली आहे.

या पुस्तकास दुसराही एक आधार आहे, आणि तो महाराष्ट्राच्या फार जवळून जातो. मुहम्मद इब्न अल-हसन याने १२२६ साली बगदाद येथे ‘किताब अल-तबीख’ नावाचा पाकग्रंथ रचला. सुखाचे सहा प्रकार सांगून त्यांत अन्नास अग्रस्थान देणारा हा रसिक गृहस्थ. त्याच्या ग्रंथाचे मोसुल येथे १९३४ साली मुद्रण झाले, आणि ए. जे. आर्बेरी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३९ साली ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकात आले. हे त्रैमासिक निघे हैदराबादेहून. ज्या संस्थानात त्या वेळी मराठवाडा समाविष्ट होता, त्याच्या राजधानीत बगदादचे हे मांसरस व वड्या छापल्या गेल्या, आणि तेथून लंडनच्या ग्रंथालयात बसलेल्या एका निर्वासित तरुणीच्या हाती पडल्या. सातशे वर्षांपूर्वीच्या कृतीत तिला आपल्या घरचा पदार्थ ओळखू आला. विद्वत्तेच्या नियतकालिकांना वाचक कोठे भेटेल याचा नेम नसतो, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास हरकत नाही. (आर्बेरींचे भाषांतर आता एकमेव राहिलेले नाही. इस्तंबूलच्या हस्तलिखिताच्या आधारे चार्ल्स पेरी यांनी २००५ साली नवे भाषांतर केले आहे.)

तथापि रोडेन यांच्या एका विधानाशी आम्हांस सहमत होता येत नाही. आपल्या लहानपणी ईजिप्तमध्ये पाककृतींची पुस्तके नव्हती, सारे तोंडीच चाले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या घरापुरते ते खरे असेल. घरची भाषा फ्रेंच होती. परंतु नझीरा निकोला व बहिया उस्मान या दोन शिक्षिकांचा विस्तृत अरबी पाकग्रंथ १९४०च्या दशकात कैरोतच प्रसिद्ध झाला होता, आणि तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. तेव्हा ‘पुस्तके नव्हती’ याचा अर्थ ‘आमच्या भाषेच्या खोलीत नव्हती’ असा घ्यावयास हवा. निर्वासिताची स्मृती सत्य असते. पण ती एका खोलीची स्मृती असते, सबंध शहराची नव्हे. हा दोष दाखविल्याने पुस्तकाची थोरवी उणावत नाही. मात्र त्याच्या आधारे ईजिप्तच्या अन्नाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने सावध असावे.

पाकग्रंथाचे परीक्षण केवळ वाचून पुरे होत नाही. नाटकाची संहिता जशी प्रयोगात कळते, तशी पाककृती चुलीवर कळते. म्हणून या पुस्तकातील संत्र्या-बदामाचा केक आम्ही घरी करून पाहिला. दोन मोठी संत्री सालीसकट सुमारे दोन तास उकडावी, बिया काढून वाटावी, आणि सहा अंडी, अर्धा पौंड बदामाची पूड, तितकीच साखर व चमचाभर बेकिंग पावडर मिसळून भाजावे, इतकी ही कृती सोपी आहे. त्यात कणभरही पीठ नाही. स्पेनमधून १४९२ साली हद्दपार झालेल्या ज्यूंच्या वंशजांनी जपलेल्या परंपरेतील हा पदार्थ आहे. वल्हांडणाच्या सणात पीठ फुगवून केलेले काही खावयाचे नसते, त्या दिवसांत तो नेमका चालतो. आमच्याकडील नागपुरी संत्रे सैल सालीचे. त्याचा कडवटपणा पहिल्या खेपेस अंमळ पुढे आला, दुसऱ्या खेपेस उकडीचे पाणी एकदा बदलल्यावर मागे सरला. शेजारी वाटावयास निघालो तेव्हा अंडी न खाणाऱ्या घरांचा प्रश्न उभा राहिला. अंडी वगळून पाहिली, तर नुसता गोड चिखल झाला. ज्या धर्मनियमाने पीठ वगळले त्यानेच अंड्यांना अपरिहार्य केले, आणि त्या नियमाची वाट आमच्या आळीतील दुसऱ्या नियमाने अडविली. ग्रंथातून हे कळले नसते.

पॉला वुल्फर्ट यांचे ‘कुसकुस अँड अदर गुड फूड फ्रॉम मोरोक्को’ (१९७३) हे पुस्तक प्रयोगाच्या कसोटीस सर्वांत चांगले उतरते. येथे आठवणींचा ओलावा कमी व हाताचे वळण अधिक आहे. जाड रव्यावर मिठाचे पाणी शिंपडावे, तळहाताने गोल फिरवीत कण वळावेत, चाळणीतून काढावेत, शिजत्या रश्शाच्या वाफेवर ठेवावेत, उतरून मोकळे करावेत, पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा वाफवावेत. भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून पीठ लावलेली पट्टी गुंडाळावी, हा बारकावाही सुटलेला नाही. आम्ही मोदकपात्रात हा उद्योग केला. पहिल्या वाफेनंतर घरच्या मंडळींनी त्यास सांजा ठरवून टाकले. तिसऱ्या वाफेनंतर मात्र दाणा सुटा, हलका व पूर्वीहून कितीतरी फुललेला निघाला. ‘पुन्हा वाफवावे’ हे दोन शब्द आळसाने गाळले तर पदार्थच गाळला जातो. कुसकुस करण्याच्या या ज्ञानास अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को व ट्युनिशिया या चार देशांच्या संयुक्त अर्जावरून २०२० साली युनेस्कोच्या सूचीत स्थान मिळाले. एरवी एकमेकांशी फारसे न पटणारी ही राज्ये एका परातीभोवती बसली, ही घटना लहान नव्हे.

मोरोक्कोतील मोठ्या घरांतील निष्णात स्वयंपाकिणींना ‘दादा’ म्हणतात. मराठी वाचकास हसू येईल, परंतु या स्त्रियांपैकी अनेकींचे पूर्वज सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेले होते, हे कळल्यावर ते मावळेल. आज नगरोनगरीच्या उपाहारगृहांत ‘मोरोक्कन’ म्हणून जे मिळते, त्यातील बराच भाग या अनाम हातांचा आहे.

शेवटी भाषेविषयी. ही पुस्तके मराठीत यावीत असे आम्हांस वाटते, आणि जिनसांची नावे ही त्यातील अडचण नव्हे. मिठात मुरवलेले लिंबू आमच्याकडे आहेच. तिळाच्या मुलायम वाटणास ताहिनी म्हणण्यास आता कोणी बिचकत नाही. अडचण क्रियापदाची आहे. इंग्रजी पाककृती आज्ञार्थात बोलते, समोरच्या माणसास ‘घाल’ म्हणते. मराठी पाककृती परंपरेने विध्यर्थात चालते: रवा भाजावा, कांदा परतावा, लिंबू पिळावे. या वाक्यांत कर्ता कोठेच दिसत नाही, क्रियापद रव्याशी व कांद्याशी जुळते. शास्त्राच्या भाषेस ही निर्ममता शोभते. परंतु रोडेन यांच्या पुस्तकात ‘घालावे’च्या शेजारी सतत ‘माझी आई घालीत असे’ येते, आणि त्या ‘घालीत असे’मध्ये कैरोतील घर, तेथून उठलेली माणसे व न उरलेली रीत सामावलेली असते. कोकणातील बेने इस्राएल मंडळी १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. तेथे त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले, आणि पोहे-नारळाचा मलिदाही नेला. रोडेन यांनी पुढे ‘द बुक ऑफ ज्यूइश फूड’ (१९९६) मध्ये भारतीय ज्यूंचाही परामर्श घेतला आहे. अशा एखाद्या घरातील वृद्धेकडून मलिद्याची कृती मराठीत उतरवून घेताना लेखनिकाने कोणते रूप लिहावे, ‘कालवावे’ की ‘कालवीत असू’, याचा निर्णय व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.