‘ब्यूमाँट एग’ने पूल पाडला का?

बिडाच्या कास्टिंगमधली छिद्रं बुजवायच्या पुट्टीवर संशोधन करायचं ठरवलंत, तर प्रस्तावनेत टे पुलाची गोष्ट लिहायचा मोह तुम्हाला होणारच. मलाही झाला होता. माझ्या शोधप्रस्तावातलं पहिलंच वाक्य होतं: ‘सदोष कास्टिंगमध्ये भरलेल्या फिलरमुळे 1879 साली स्कॉटलंडमधला टे पूल कोसळला.’ गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “हे कुठे वाचलंस?” मी एका पाठ्यपुस्तकाचं नाव सांगितलं. “आणि चौकशी अहवाल?” तो काही मी उघडलेला नव्हता.

गोष्ट आकर्षक आहे, हे मान्य. पुलाचे बिडाचे खांब वर्मिटच्या फाउंड्रीत ओतले होते. ब्लो होल निघालं की कामगार त्यात ‘ब्यूमाँट एग’ भरत. मधमाशीचं मेण, व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ, लोखंडाचा बारीक कीस आणि थोडी काजळी हे सगळं वितळवून छिद्रात ओतायचं, थंड झालं की दगडाने घासायचं. मग बीड कुठे संपलं आणि मेण कुठे सुरू झालं, ते डोळ्यांना कळत नाही. 28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री पुलाचा मधला उंच भाग आगगाडीसकट नदीत गेला, एकही प्रवासी वाचला नाही. चौकशीत मेणाची कहाणी बाहेर आली आणि लोकांच्या डोक्यात तीच बसली.

आता अहवाल बघा. चौकशी करणारे तिघे होते: रॉदरी, यॉलंड आणि बार्लो. 1880 मध्ये त्यांनी दोन वेगवेगळे अहवाल दिले. ओतकामाच्या दर्जावर टीका आहे, पण यॉलंड-बार्लो यांनी पडण्याचं कारण म्हणून बोट ठेवलं ते खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरक्या पट्ट्यांवर आणि त्यांच्या जोडांवर. वादळाचा जोर पेलायला ते अपुरे होते. डिझाइन करताना वाऱ्यासाठी वेगळी तरतूदच नव्हती, हे तर अभियंता बाउच यांच्या साक्षीतूनच आलं.

इथे जरा थांबू या, कारण खरा धडा लगमध्ये आहे. लग म्हणजे खांबाला लागूनच ओतलेले कान, ज्यांत बोल्ट घालून पट्टी अडकवायची. त्यांची भोकं ड्रिल केलेली नव्हती, ओततानाच ठेवलेली होती. त्यामुळे ती सरळ नव्हती, निमुळती होती. बोल्ट भोकाच्या सगळ्या लांबीवर टेकायच्या ऐवजी एका कडेवर टेकायचा, सगळा भार तिथेच. बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. लंडनमध्ये कर्कल्डी यांनी लग ओढून पाहिले, तेव्हा निर्दोष लगसुद्धा 20 टनांच्या आसपास तुटले, अपेक्षेच्या बरेच खाली. *निर्दोष* लग! म्हणजे एकाही छिद्रात मेण नसतं, तरी हा जोड कमकुवतच होता.

मग फिलरचा काहीच दोष नाही? असं नाही. त्याने भार पेलला नाही हा त्याचा दोष नाही, तो भार पेलण्यासाठी नव्हताच. त्याने तपासणाऱ्याचे डोळे बंद केले. नोबल नावाच्या देखरेख करणाऱ्या माणसाने पुढे असंच केलं. सैल पट्ट्यांचा खडखडाट ऐकून त्याने जोडांत लोखंडाचे तुकडे ठोकले. आवाज थांबला आणि बाउच यांना काही कळवलं गेलं नाही. मला विचाराल तर मेणापेक्षा ही ‘पुट्टी’ भयंकर.

नंतरचं संशोधनही याच दिशेने गेलंय, पण एकमत नाही. मार्टिन आणि मॅक्लाउड यांनी 1995 मध्ये वाऱ्याच्या भाराचं गणित पुन्हा मांडलं. पीटर लुईस यांनी अपघातानंतरचे फोटो मोठे करून लगच्या तुटलेल्या पृष्ठभागांवरून फटीगचा मुद्दा पुढे आणला. दोन्ही वाचा, भांडण शिकण्यासारखं आहे.

आणि तुमच्या प्रयोगाचं काय? मी पहिल्यांदा प्लेटला सुबक भोकं ड्रिल केली, इपॉक्सी पुट्टी भरली, चिकटपणा मोजला, खूश झालो. मग कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत फेटलिंगवाल्या काकांना नमुना दाखवला. ते म्हणाले, “असलं भोक आमच्याकडं कधी येत न्हाई.” खरं ब्लो होल तोंडाशी बारीक, आत फुगीर, कधी आत वाळू अडकलेली. लेथच्या बेडची बाहेरची बाजू रंगाआधी पुट्टीने सपाट करणं ही जुनी, उघड पद्धत आहे, त्यात काही गैर नाही. पण छिद्र ‘फक्त दिसण्यापुरतं’ आहे हे ठरवलं कुणी, भरण्याआधी की भरल्यानंतर, हा प्रश्न माझ्या प्रस्तावात कुठेच नव्हता.

ते पहिलं वाक्य मी बदललं. आता तिथे आहे: ‘टे पुलाच्या खांबांतली छिद्रं फिलरने झाकली होती, पूल मात्र मुख्यतः जोडांच्या कमकुवतपणामुळे कोसळला.’ मॅडमनी ‘मुख्यतः’खाली पुन्हा रेघ मारली आहे. सोमवारी भेट आहे.